रविवारी डबा बंद!

तव्यावरची पोळी जळाल्याचा वास पहिल्यांदा आला तो ह्यांना. मला आलाच नाही, कारण मी ओट्यापाशी फरशीवर आडवी झाले होते.

तीन वर्षांपूर्वीचा मार्गशीर्षातला गुरुवार. सकाळचे साडेआठ. शहाण्णवपैकी साठ-पासष्ट पोळ्या झालेल्या, भाजी उतरवलेली, कुकरची एक शिट्टी बाकी. डोळ्यांपुढे काजवे आले एवढंच मला आठवतं. शुद्धीवर आले तेव्हा पहिलं वाक्य काय बोलले असेन, मैत्रिणींनो? ‘अहो, डब्यांचं काय?’

आमचं घर नेरूळला, सिडकोच्या जुन्या वसाहतीत. दहा-बारा वर्षं झाली, मी घरून डबे देते. सोमवार ते शनिवार, दुपारचे चोवीस डबे. चार पोळ्या, एक सुकी भाजी, उसळ नाहीतर आमटी, भात, कोशिंबीर. काही डबे सीबीडी-बेलापूरच्या ऑफिसांतल्या मुलामुलींना जातात, काही आमच्याच भागातल्या एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना. ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हा तात्पुरतं म्हणून सुरू केलं होतं. तात्पुरत्या गोष्टीच घरात कायमच्या होऊन बसतात, ते आपल्याला ठाऊक आहेच.

रविवारी डबे नसायचे, पण ‘ऑर्डर’ असायची. कुणाकडे पुरणपोळ्या, कुणाकडे उकडीचे मोदक, कुणाच्या डोहाळजेवणाला मसालेभात. म्हणजे रविवारही गॅससमोरच.

वाशीपासून पनवेलपर्यंत कुठल्याही सोसायटीच्या फाटकाशी जरा थांबून पाट्या वाचाव्यात. पोळी-भाजी मिळेल. पिको-फॉल करून मिळेल. पहिली ते सातवी शिकवण्या. ब्लाऊज, मेंदी, घरगुती पार्लर, दिवाळीचा फराळ. यातली बहुतेक प्रत्येक पाटी एका बाईची आहे. ‘बरं आहे बाई तुझं, घरच्या घरी! आपल्या मनाचे मालक!’ असं सगळे म्हणतात. मालक खरंच. पण या मालकाचा नोकर कोण, तर तीच. आणि स्वतःच्या नोकराला सुटी न देणारा असा कडक मालक शोधून सापडणार नाही.

माझ्या अंगावर जास्त जात होतं, त्याला तेव्हा दीड वर्ष होऊन गेलं होतं. पाळी आठ-आठ, दहा-दहा दिवस थांबायची नाही. चाळिशी उलटली की असंच असतं, अशी मी माझी समजूत घालून घेतली. जिना चढताना धाप लागायची, तर वजन वाढलंय म्हटलं. हे म्हणायचे, ‘अगं, एकदा दाखव ना डॉक्टरांना.’ मी म्हणायची, ‘दाखवते हो, गणपती होऊ देत.’ गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी. पितृपक्षात श्राद्धाचा स्वयंपाक करून द्यायचा. नवरात्रात उपासाचे डबे वेगळे. मग दिवाळीचा फराळ: चकल्या, अनारसे, रात्री एकपर्यंत जाग. दिवाळी झाली की तुळशीची लग्नं, आणि नंतर लग्नसराई. आपलं पंचांग असं आहे की बाईला डॉक्टरकडे जायला त्यात मुहूर्तच सापडत नाही!

त्या गुरुवारी मात्र मुहूर्त न बघताच नेलं मला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ६.४. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा पाहिला आणि विचारलं, ‘तुम्ही अशा अवस्थेत रोज शंभर पोळ्या लाटत होतात?’ मला, खोटं कशाला सांगू, जरासा अभिमानच वाटला. पुढच्याच वाक्याला तो उतरला. ‘आणखी महिनाभर असंच चाललं असतं ना, तर हृदयावर ताण येऊन थेट अतिदक्षता विभागात भेट झाली असती आपली.’

गर्भाशयात गाठ होती, साधीच. शिरेतून लोह दिलं, गोळ्या दिल्या, आणि पंधरा दिवस ओट्यासमोर उभं राहायचं नाही अशी ताकीद दिली. चोवीस घरी निरोप गेले. मी पलंगावर पडून हिशेब करत होते, की पंधरा दिवसांनी यातली किती गिऱ्हाइकं उरतील? दहा? आठ?

आत्याची पाटी

चौथ्या दिवशी कोपरखैरण्याहून माझी आत्या आली, नातवाच्या स्कूटरवर मागे बसून. वय ऐंशीच्या पुढे. आत्यानं उभी हयात लालबागच्या चाळीत खानावळ चालवली. एका खोलीत दोन वेळचे पस्तीस गडी जेवून जायचे, सगळे गिरणीतले, बहुतेक रत्नागिरी-सातारकडचे. किराणा उधारीवर, उधारी फेडायला सावकार, सावकाराला व्याज. पुढे १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या अशा खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठं पुष्कळ जणींच्या मानेवरचा सावकार उतरला. (वाशीला या मंडळाची मोठी वास्तू पुढे उभी राहिली. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली.) १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, जेवणारे गडी गावी गेले ते गेलेच, आणि आत्याची चूल थंडावली. मग मुलाबरोबर ती खाडीच्या अलीकडे राहायला आली.

तर ही आत्या माझ्या उशाशी बसली, कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘काय गो, तुझी पाटी कुठाय?’

‘कसली पाटी?’

‘बंदची. रविवारी रात्री खानावळ बंद राहील. माझ्या दारावर होती ना ती. मला वाचता येत नव्हतं, पण ती पाटी मी हळद-कुंकू लावल्यासारखी पुसून ठेवायची.’

रविवारी दुपारी गोडाचं किंवा मटणाचं जेवण, आणि रात्री चूल बंद. गडी पाहुण्यांकडे नाहीतर सिनेमाला. आत्या आणि शेजारच्या दोघी खानावळवाल्या भारतमाता थिएटरला. ‘डोईवर सावकार होता, घरात पाच पोरं होती, तरी रविवारची रात्र कुणाला दिली नाही मी,’ आत्या म्हणाली. ‘तुझा तर बंगलाच आहे गो, दोन खोल्यांचा.’

मला काही बोलता येईना. शिकलेली मी, हातात मोबाईल, रात्री अकरालाही ‘ताई, उद्या दोन डबे जास्त’ असा निरोप आला की अंगठा वर करून पाठवणारी. आणि ही अंगठा उठवणारी बाई मला सुटीचा धडा शिकवत होती.

पुष्कळ खानावळींतून रविवारी रात्री चूल बंद असण्याचा रिवाज असायचा, ते काही खानावळवाल्यांच्या मनाच्या मोठेपणानं नव्हे. जेवणाऱ्याला सुटी होती म्हणून रांधणारीला ती घेता आली. आणि जेवणाऱ्यालाही ती कुणी आपण होऊन दिलेली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्यानं १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि आठवड्याच्या सुटीची मागणी लावून धरली. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन गिरणी कामगार बायका उठून बोलल्या, अशी नोंद आहे. त्याच वर्षी रविवारची सुटी मिळाली.

आज दुकानात-ऑफिसात नोकरी करणाऱ्या बाईच्या पाठीशी कायदा आहे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याची एक सुटी आहे आणि वर्षाला आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा आहे. बाळंतपणाची पगारी रजा त्याच वर्षी, पहिल्या दोन मुलांपुरती, २६ आठवड्यांची झाली. आणि घणसोलीची माझी एक ओळखीची मुलगी, घरी पार्लर चालवणारी, सव्वा महिन्याचं बाळ पाळण्यात ठेवून गिऱ्हाइकाच्या भुवया कोरत होती. तिला रजा देणारं कोण? तीच. आणि तिचं मन काही होत नव्हतं.

त्यात घरचं काम कुठं सुटतं? सरकारी सांख्यिकी कार्यालयानं २०२४ साली लोकांच्या चोवीस तासांची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. आणि हे बरं का, जे पुरुष घरात हात लावतात त्यांचंच सरासरी मोजमाप आहे! जे लावतच नाहीत ते या हिशेबात नाहीत.

पाच रुपयांचा हिशेब

आत्या गेली, आणि मी वही मागवली. डब्याचा दर मी कसा ठरवला होता? पीठ, तांदूळ, डाळ, तेल, भाजी. गॅस. भांडी घासणाऱ्या बाईंचा पगार. ह्यांच्या स्कूटरचं पेट्रोल. यावर थोडा नफा. भांडीवाल्या बाईंना महिन्यातून दोन खाडे मी भरपगारी देते, तेही त्यात धरलेले. माझा खाडा मात्र कुठंच धरलेला नव्हता. म्हणजे मी आजारी पडणारच नाही, मला पाळी येणारच नाही, मी थकणारच नाही, असं गृहीत धरून तो दर निघाला होता. मग सुटीला वेळ कुठून निघेल? वेळ शिलकीत राहत नाही, बायांनो. तो आधी दरात घालावा लागतो, मीठ पिठात घालावं तसा. नंतर वरून भुरभुरवून चालत नाही.

रविवारच्या ऑर्डरीतून खर्च वजा जाता मला साधारण सातशे रुपये सुटत. चार रविवारांचे अठ्ठावीसशे. डब्यामागे पाच रुपये वाढवले, तर चोवीस डबे, महिन्याचे पंचवीस दिवस, तीन हजार रुपये होतात. म्हणजे महिन्याचे चारही रविवार मला अवघ्या पाच-पाच रुपयांत विकत मिळत होते, आणि मी इतकी वर्षं ते घेत नव्हते. (पाच रविवारांचा महिना आला तर थोडं कमी पडतं. तेवढं सोडून दिलं.)

पाच रुपये वाढवायला मी किती घाबरले होते म्हणून सांगू! दोन आठवडे आधी कळवलं, तेही ह्यांच्याकडून लिहून घेऊन. आणि हे सांगायलाच हवं, की आजारपणाच्या पंधरा दिवसांत तीन गिऱ्हाइकं गेली होती. तीन! आठ-दहाच उरतील म्हणून मी रडत होते. दर वाढवल्यावर आणखी दोघं गेले. नवे पाच मिळून चोवीस पुरे व्हायला अडीच महिने लागले, आणि ते महिने ओढाताणीचे गेले, हेही खरं. एक आजोबा तर पोचपावतीसारखी चिठ्ठी डब्यात घालून पाठवते झाले: ‘रविवारी मी थालीपीठ शिकतो आहे.’

दर महिन्याला हजार रुपये मी पोस्टात रिकरिंगमध्ये टाकते. घरात त्याला ‘आजारपणाचा डबा’ म्हणतात. मुलाच्या फीला, फ्रिज दुरुस्तीला, नणंदेच्या आहेराला त्याला हात लावायचा नाही असं ठरलंय. एकदा लावला. तो परत भरायला सहा महिने लागले.

सगळ्या धंद्यांना पाच रुपयांचा हिशेब लागू पडत नाही, हे मला कळतं. ऐरोलीची माझी मैत्रीण शिवणकाम करते. ब्लाऊजचा दर वाढवला तर गिऱ्हाईक समोरच्या गल्लीत जातं. तिनं वेगळी युक्ती केली. सणाच्या आधी आठ दिवस नवीन कापड घेणं बंद, आणि तातडीच्या कामाला दीडपट दर. पहिल्या दसऱ्याला तिला शिव्या बसल्या, दुसऱ्या वर्षी बायका श्रावणातच कापडं घेऊन आल्या. शिकवण्या घेणारणीला मे महिना तरी मिळतो. पार्लरवालीची मात्र खरी पंचाईत, कारण तिची गर्दीच शनिवार-रविवारची. तिनं मंगळवार घ्यावा. वार कुठलाही असो, पण तो दारावर लिहिलेला असावा. मनातल्या मनात ठरवलेली सुटी पहिल्याच ‘ताई, प्लीज’ला विरघळते.

दुखणं अंगावर काढू नका

आता थोडं प्रकृतीविषयी, कारण त्यासाठीच तर हे सगळं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की पंडुरोग समजतात, आठच्या खाली गेलं तर गंभीर. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये तो आढळला. म्हणजे दोघी शेजारणी गप्पा मारत उभ्या असल्या तर त्यातली एक. तपासणी सुईच्या एका टोचणीची, महापालिकेच्या दवाखान्यातही होते. वर्षातून एकदा, स्वतःच्या वाढदिवसाच्या आठवड्यात करावी, म्हणजे विसरत नाही.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहाबरोबर गिळू नयेत. चहानं लोह अंगी लागत नाही. मध्ये निदान तास-दोन तास जाऊ द्यावेत. लिंबाच्या सरबताबरोबर घेतलेली बरी. कॅल्शियमची गोळी असेल तर ती वेगळ्या वेळेला. शौचाला काळं होतं, त्यानं घाबरू नये. नाचणी, अळीव, पालेभाज्या, खजूर हे सगळं खावंच, पण माझ्यासारखी सहावर उतरलेली गाडी नुसत्या खजुरानं वर चढत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात.

पाळी सात दिवसांहून जास्त लांबत असेल, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, तर ‘वय झालं’ म्हणू नका, दाखवा. आणि पाळी पूर्ण गेल्यानंतर एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात. याला गणपती-दिवाळी नाही.

दुसरं, पाण्याचं. शिवणयंत्रावर बसणाऱ्या आणि पार्लरमध्ये उभ्या असणाऱ्या कितीतरी जणी उठावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत, आणि मग लघवीची जळजळ घेऊन बसतात. ओट्यासमोर तास-तास उभं राहायचं असेल तर एक बसका पाट पायाशी ठेवून आलटून-पालटून एक-एक पाय त्यावर ठेवावा, कमरेला फार आराम पडतो. पोळ्या मी आता टेबलाशी बसून लाटते. ‘बसून लाटलेल्या पोळ्या’ म्हणून कुणी परत पाठवलेल्या नाहीत अजून.

पहिल्या रिकाम्या रविवारी मी काय केलं, हे सांगायला लाज वाटते. माळा आवरला. दुसऱ्या रविवारी गव्हाची डाळण काढली. हातांना सुटीच कळत नव्हती. तिसऱ्या रविवारी शेजारच्या वहिनींनी हाताला धरून ज्वेल ऑफ नवी मुंबईला फिरायला नेलं. इतक्या वर्षांत मी त्या तळ्याच्या कडेनं भाजीची पिशवी घेऊन फक्त झपझप गेलेली. फेब्रुवारीत एकदा सीवूड्सकडे जाऊन पाणथळीतले फ्लेमिंगो पाहिले. लांबून गुलाबी रांगोळी सांडल्यासारखे दिसतात. सगळे एका पायावर उभे. वहिनी म्हणाल्या, ‘बघा, ह्यांनाही आलटून-पालटून पाय ठेवायचं कळतं.’

गाठीवर औषधं चालू आहेत. गेल्या तपासणीत हिमोग्लोबिन ११.८ आलं, बाराला दोन पॉइंट कमी, म्हणून डॉक्टरीणबाईंनी शाबासकी दिली नाही.

परवा शनिवारी रात्री फोन वाजला. बेलापूरचा एक मुलगा, आई-वडील गावाहून आलेले, रविवारी चार माणसांचं जेवण हवं होतं. मी हात पुसत उठले, तोवर ह्यांनी फोन उचललेला. ‘रविवारी बंद असतं आमच्याकडे,’ हे म्हणाले. ‘सोमवारी सांगा, बासुंदी करून देऊ.’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘उद्या आत्याला आणायचंय ना? कितीचा शो आहे?’